शिवाजीनगरचा बाजार आणि परदेशातल्या कार्डाचा हिशेब

बेंगळुरूला आलात की लालबाग, विधानसौध, कब्बन पार्क हे सगळं तुम्ही पाहताच. पण घरातलं कुणी परदेशी निघालं असेल आणि तुमच्याकडे एक मोकळी सकाळ असेल, तर शिवाजीनगरला नक्की जा. बॅगेपासून सुक्या मेव्यापर्यंत सगळी खरेदी एका फेरीत होईल. आणि परदेशात कार्ड वापरल्यावर खात्यातून नेमकं काय काय जातं, हेही तिथल्या बाजारात फिरता फिरता समजून घेता येईल. आमच्या घरी ते तसंच समजलं. फक्त एक वर्ष उशिरा.

आईचा धसका

गेल्या वर्षी आई-बाबा पहिल्यांदा दुबईला गेले, ताईच्या मुलीच्या बारशाला. आईने भिशीतून ४०,००० रुपये बाजूला ठेवले होते. नातीला सोन्याच्या बाळ्या आणि उरलेल्या पैशांत जावयांना शर्ट, असा तिचा बेत होता. तिथल्या दुकानात बाळ्या १,५०० दिरहमला पडल्या. त्या दिवशी एका दिरहमला २४ रुपये असा भाव तिने मोबाइलवर पाहिला होता. म्हणजे ३६,००० रुपये. आईने डेबिट कार्ड पुढे केलं.

खात्यातून गेले ३९,३६१ रुपये.

आईला वाटलं, दुकानदाराने फसवलं. बाबांना वाटलं, आईचाच हिशेब चुकला. दोघांमध्ये दोन दिवस अबोला होता आणि शर्ट राहून गेले. परत आल्यावर आईने जाहीर केलं, "आता परदेशात कार्ड नको. सगळे पैसे रोख नेईन, पर्समध्ये घालून." या वर्षी पुन्हा जायचं ठरलं, तेव्हाही ती याच हट्टावर होती. साठीच्या बाईने परक्या देशात सगळी रोकड जवळ बाळगून फिरायचं, हे मला काही पटेना. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने दोघं माझ्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी मी आईला घेऊन शिवाजीनगरला गेले.

नाव ओळखीचं, बोलीही ओळखीची

मेजेस्टिकहून शिवाजीनगरला थेट बस मिळते. मेट्रोने यायचं असेल तर कब्बन पार्क किंवा एम. जी. रोडला उतरून रिक्षा करा. स्वतःची गाडी मात्र आणू नका, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाईल.

नाव ऐकून आपल्याला पुण्याचं शिवाजीनगर आठवतं. पण या भागाचं जुनं नाव ब्लॅकपल्ली. इंग्रजांनी १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणहून आपली छावणी इथे हलवली आणि छावणीला लागणाऱ्या वस्तूंचा बाजार या भागात वाढला. जुनं शहर एकीकडे आणि छावणी दुसरीकडे, असा कारभार बराच काळ वेगवेगळा होता. १९४९ मध्ये दोन्ही मिळून एक महापालिका झाली. शिवाजी महाराजांचं नाव या वस्तीला नंतर मिळालं. मात्र मराठी माणसाचं या शहराशी नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहिले होते.

इथे तमिळ, कन्नड, उर्दू सगळं कानावर पडतं. पण दुकानदारांची दख्खनी ऐकाल तर गंमत वाटेल. नाही म्हणायचं तर ते 'नक्को' म्हणतात. हा आपलाच 'नको'. जोर द्यायचा असेल तर शब्दाला आपलाच 'च' जोडतात. 'इत्ताइच', 'वैसाइच'. आईची हिंदी यथातथाच, पण इथे तिला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मोळ कुणाच्या हाताचा?

बस स्टँडपासून थोडं चाललं की रसेल मार्केट लागतं. कमानींची ही जुनी इमारत १९२७ ची. तेव्हाचे पालिका आयुक्त टी. बी. रसेल यांचं नाव तिला दिलं आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये आग लागून आतली बरीच दुकानं जळाली होती, पण बाजार पुन्हा उभा राहिला. आत भाजी, फळं, मासे, मटण यांचे वेगवेगळे भाग आहेत. बाहेर सुका मेवा, अत्तरं, खजूर. जवळच सेंट मेरी बॅसिलिकेचा उंच मनोरा दिसतो. ८ सप्टेंबरच्या सणाला इथे भगव्या साड्या नेसलेल्या बायकांची एवढी गर्दी होते, की आपल्याकडच्या जत्रेची आठवण यावी. रमजानच्या संध्याकाळी खाण्यासाठी लोक शहरभरातून येतात. शांतपणे फिरायचं असेल तर रविवार टाळा आणि सकाळी दहाच्या आत पोचा.

आई फुलांपाशी थांबली. बेंगळुरूत गजरे मोळावर विकतात. मोळ म्हणजे हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. फुलवालीने एक मोळ मोजून दिला. आईने तिच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तुझा हात छोटा आहे. माझ्या हाताने मोज."

फुलवाली हसली. "इत्ताइच आता अम्मा," म्हणाली, पण चार बोटं जास्त गजरा तोडून दिलाच.

मी आईला म्हटलं, "दुबईत तुझं हेच राहून गेलं. मोळ कुणाच्या हाताचा, हे तू विचारलंच नाहीस."

३९,३६१ रुपयांत काय काय होतं?

तिथेच एका चहाच्या दुकानात बसून मी आईला तिचं जुनं स्टेटमेंट मोबाइलवर दाखवलं. तुम्हीही हा हिशेब एकदा नीट पाहा, कारण थोड्याफार फरकाने तो सगळ्यांच्याच कार्डाला लागू होतो.

भारतातल्या खात्याचं डेबिट कार्ड परदेशी चलनात वापरलं की तीन गोष्टी घडतात.

पहिली, दर. तुमच्या कार्डावर व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे असं नाव असतं. दिरहमचे रुपये करताना त्या नेटवर्कचा दर लागतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या वेबसाइटवर तारीख टाकून दर पाहता येतो. हा दर बातम्यांमधल्या दराच्या बराच जवळ असतो. पैसे खात्यात लगेच अडवले जातात, पण हिशेब एक-दोन दिवसांनी पक्का होतो. त्यामुळे थोडे रुपये इकडेतिकडे होऊ शकतात.

दुसरी, बँकेचं शुल्क. त्याला मार्कअप म्हणतात. बऱ्याच बँकांत ते रकमेच्या २ ते ३.५ टक्के असतं. काही कार्डांवर ते शून्यही असतं.

तिसरी, जीएसटी. तो १८ टक्के असतो, पण पूर्ण खरेदीवर नाही, फक्त बँकेच्या शुल्कावर लागतो.

आईच्या कार्डाचा मार्कअप ३.५ टक्के होता. म्हणजे १,५०० दिरहमचे ३६,००० रुपये, त्यावर मार्कअप १,२६० रुपये आणि त्यावर जीएसटी साधारण २२७ रुपये. एकूण ३७,४८७ रुपये व्हायला हवे होते. मग ३९,३६१ कसे झाले?

मशीन प्रश्न विचारतं तेव्हा

दुकानातल्या मशीनवर आईला एक प्रश्न आला होता. पैसे दिरहममध्ये द्यायचे की रुपयांत? विक्रेता म्हणाला, "रुपयांत द्या, सोपं पडेल." आईने रुपयांचं बटण दाबलं. कुणीही दाबलं असतं. परक्या देशात रुपयाचं चिन्ह दिसलं की बरं वाटतं.

पण रुपये निवडले की दर नेटवर्कचा राहत नाही. चलन बदलून देणारी कंपनी दुकानाच्या मशीनवरच आपला दर लावते आणि त्यात तिचा नफा धरलेला असतो. आईला २४ ऐवजी २५ रुपये २० पैसे हा दर लागला. बाळ्या ३७,८०० रुपयांच्या झाल्या. शिवाय व्यवहार परदेशातला म्हणून तिच्या बँकेने त्यावर पुन्हा ३.५ टक्के, म्हणजे १,३२३ रुपये लावले. त्यावर जीएसटी २३८ रुपये. बेरीज ३९,३६१.

एका बटणाचे जवळजवळ १,८७५ रुपये. जावयांचे शर्ट तिथे गेले.

आईने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे हिशेब माझा चुकला नव्हता," ती म्हणाली. वर्षभर तिला हेच टोचत होतं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्याला जमलं नाही याचं जास्त होतं.

दुकानदारानेही तशी चोरी केलेली नव्हती. दर मशीनवर आणि पावतीवर छापलेला होता. फक्त तो कुणी मोठ्याने सांगितला नाही आणि आईनेही विचारला नाही. म्हणून एक नियम लक्षात ठेवा. परदेशात मशीनने विचारलं तर नेहमी त्या देशाचं चलन निवडा. दुबईत दिरहम, सिंगापूरला सिंगापूर डॉलर, लंडनला पाउंड. विक्रेत्याने स्वतःच रुपये निवडून मशीन पुढे केलं, तर सही किंवा पिन देण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काहीही नाही.

हेच घरबसल्याही होतं. परदेशी वेबसाइटवरून एखादं अ‍ॅप किंवा कोर्स डॉलरमध्ये घेतला तरी मार्कअप लागतो. काही बँका तर रक्कम रुपयांत दिसत असली, पण विकणारी कंपनी परदेशातली असली, तरी शुल्क घेतात. मुलांच्या मोबाइलवरची दरमहाची वर्गणी एकदा तपासून पाहा.

एटीएमचं गणित वेगळं

"मग तिथे जाऊन एटीएममधून काढते ना," आई म्हणाली.

काढता येतात, पण थोडे थोडे काढू नका. परदेशी एटीएमवर मार्कअप तर लागतोच, शिवाय दर वेळी वेगळं ठरलेलं शुल्क असतं. समजा ते १५० रुपये आणि त्यावर जीएसटी धरून १७७ रुपये आहे. ५०० दिरहम, म्हणजे १२,००० रुपये, एकदम काढले तर मार्कअपसह साधारण ६७३ रुपये जातात. तेच पैसे १००-१०० करून पाच वेळा काढले तर साधारण १,३८१ रुपये जातात. पैसे तितकेच, फेऱ्या पाच, म्हणून ७०८ रुपये जास्त. तिथल्या एटीएमच्या बँकेने स्वतःचं शुल्क लावलं तर ते आणखी वेगळं. नुसती शिल्लक पाहिली तरी काही बँका पैसे घेतात. शिल्लक पाहायची तर बँकेच्या अ‍ॅपवर पाहा. आणि एटीएमनेही रुपयांत की दिरहममध्ये असं विचारलं, तर उत्तर तेच, दिरहम.

रोख घ्यायची तर कुठे?

शिवाजीनगरात आणि जवळच्या कमर्शियल स्ट्रीटच्या परिसरात चलन बदलून देणारी दुकानं आहेत. आखाती देशांत नोकरीला जाणारे, उमराला निघालेले असे बरेच जण खरेदीला याच भागात येतात, त्यामुळे दिरहम आणि रियाल हे इथल्या लोकांना नवे नाहीत. आम्ही एका ठिकाणी आत गेलो. जाण्याआधी आईला दोन गोष्टी सांगितल्या. रिझर्व्ह बँकेचा परवाना भिंतीवर लावलेला आहे का, ते आधी पाहायचं. आणि पावती मिळणार का, हे विचारायचं. पावतीशिवाय चांगला भाव देतो म्हणणाऱ्याकडे तुम्हीही जाऊ नका.

'कमिशन नाही' अशा पाटीने हुरळून जाऊ नका. कमिशन नसलं तरी नफा दरात असतोच. म्हणून कमिशन किती, हे विचारू नका. "इतके दिरहम हातात मिळायला एकूण किती रुपये द्यायचे?" असं विचारा आणि तीच रक्कम दोन-तीन दुकानांत पडताळा. चलन बदलण्यावरही जीएसटी असतो, पण तो थोडा. ५०,००० रुपयांच्या चलनावर ९० रुपये.

आईने पहिल्या दुकानात विचारलं, दुसऱ्यात विचारलं आणि तिसऱ्यात पहिल्या दोघांचे आकडे सांगितले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अम्मा, तुम्ही बिझनेस करता का?" आई म्हणाली, "नाही, भाजी आणते."

रोख नेण्यालाही मर्यादा आहे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलर इतक्या किमतीच्याच परदेशी नोटा घेता येतात. बाकी रक्कम कार्डावर न्यावी लागते. आणि चलन घेताना रुपये रोख द्यायचे असतील, तर ते ५०,००० च्या आतच चालतात.

त्यासाठी फॉरेक्स कार्ड हा एक पर्याय आहे. त्यात आधीच दिरहम किंवा डॉलर भरून ठेवता येतात. भरताना जो दर मिळाला तो पक्का, आणि त्याच चलनात खर्च केलात तर पुन्हा मार्कअप लागत नाही. पण दिरहमचं कार्ड दुसऱ्या देशात वापरलं तर दुसऱ्या चलनाचं शुल्क लागतं. कार्ड घेण्याचे, पुन्हा पैसे भरण्याचे आणि उरलेले पैसे परत घेण्याचे किती, हे आधी विचारा. संयुक्त अरब अमिरातीसह काही देशांत निवडक दुकानांत यूपीआयही चालतं. तिथेही पिन टाकण्याआधी रुपयांत एकूण किती जाणार, ते वाचा.

निघण्याआधी हे करा

कार्ड परदेशात चालू आहे का, ते बँकेच्या अ‍ॅपवर पाहा. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार बंदच असतात. ते आपणच सुरू करायचे. सुरू करताना रोजची मर्यादा लावा आणि घरी आल्यावर पुन्हा बंद करा.

बँकेला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. माझ्या कार्डावर मार्कअप किती टक्के? परदेशी एटीएमला दर वेळी किती? शिल्लक पाहायला किंवा व्यवहार फसला तर काही लागतं का? आणि परदेशी दुकानात रुपयांत पैसे दिले तरी शुल्क लागतं का?

हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना शक्यतो डेबिट कार्ड देऊ नका. अनामत म्हणून ते खात्यातले पैसे अडवून ठेवतात आणि ते सुटायला वेळ लागतो. वस्तू परत केली तर परताव्याला त्या दिवसाचा दर लागतो आणि मार्कअप परत मिळेलच असं नाही.

डेबिट कार्डावरचा परदेशातला खर्च वर्षाला अडीच लाख डॉलरच्या सरकारी मर्यादेत मोजला जातो. एप्रिल २०२५ पासून असा खर्च एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेला, तरच त्यावर टीसीएस कापतात. ते शुल्क नाही, आगाऊ कर आहे. आयकर विवरण भरताना तो वळता करून घेता येतो. चार दिवसांच्या साध्या सहलीत त्याची काळजी नको.

सगळ्या पावत्या स्टेटमेंट येईपर्यंत जपा. शुल्क चुकीचं वाटलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही, किंवा मिळालेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

परतताना

आईने शेवटी थोडे दिरहम रोख घेतले, टॅक्सी आणि किरकोळ खर्चापुरते. बाकीसाठी तिच्याच खात्यावर कमी मार्कअपचं दुसरं डेबिट कार्ड मिळत होतं, ते मागवलं. कमर्शियल स्ट्रीटवरून जावयांसाठी दोन शर्टही घेतले. "हे इथूनच नेते, मशीनचा प्रश्नच नको," म्हणाली.

दहा दिवसांनी दुबईहून तिचा फोन आला. नातीला खेळणं घेताना दुकानातल्या मुलाने रुपयांचं बटण दाबलं होतं. आईने ते रद्द करायला लावलं.

"काय म्हणालीस त्याला?" मी विचारलं.

"नक्को म्हणाले," आई म्हणाली. "त्याला कळलं."